दुपारची झोप

कर्वेनगरला मी तेवीस वर्षं पाळणाघर चालवलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, एका वेळी फार तर बारा मुलं. १९९७ साली सुरू केलं, २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बंद केलं, आणि मग पुन्हा उघडायची उमेद राहिली नाही. या काळात जे शिकले त्यातलं बरंचसं कुठल्याही आईला ठाऊक असतं. इथे लिहितेय ते एकाच गोष्टीबद्दल, आणि ती मला फार उशिरा कळली. आकडे घातलेत ते शिस्त म्हणून नव्हे. मधेच उठावं लागलं तर कुठवर आले होते ते सापडावं, ही पाळणाघराची सवय.

१. शांत मूल म्हणजे सुखी मूल, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. संध्याकाळी साडेसहाला आया यायच्या. दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "काकू, दुपारी फोन केला तर मागे एक आवाज येत नाही हो तुमच्याकडे!" मी आपली "सवयीचा भाग असतो" असं म्हणून मान खाली घालायचे. नम्रता साफ खोटी. एक ते साडेतीन या वेळात बारा मुलं एकदम झोपवणं ही माझी कला आहे, असं मला मनापासून वाटायचं. त्या अडीच तासांत मी जेवायचे, हिशेब लिहायचे आणि खरं सांगायचं तर आदल्या रात्रीची मालिका आवाज बंद करून पुन्हा बघायचे. दिवसातलं बाकी सगळं मुलांचं. ही झोप मात्र माझी होती.

आमच्या आजीला हे मुळीच रुचलं नसतं. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. दुपारी कुणी आडवं झालं की तासाभराने आजी येऊन खांदा गदागदा हलवायची. डोळे उघडून तिच्याकडे बघितलं की निघून जायची. रात्रपाळी करून आलेल्या वडिलांनाही सूट नव्हती. ते ओरडायचे, आम्ही हसायचो. आम्ही तिला "भोंगा" म्हणायचो. म्हातारपणाचा चळ, एवढंच तेव्हा कळत होतं.

२. झोप आणि गुंगी यांतला फरक लांबून दिसत नाही. २००७ च्या आषाढातला मंगळवार. अडीच वर्षांचा एक मुलगा होता, त्याला आपण चिकू म्हणू. झोपायच्या नावाने रोज थयथयाट करणारा. त्या दिवशी पावणेएकलाच आपण होऊन चटईवर जाऊन पडला. मी मदतनीस मावशींना म्हटलंसुद्धा, "आज देव पावला." साडेतीनला सगळी उठली, दूध प्यायली, हा उठला नाही. मी म्हटलं, झोपू दे. पाऊस आहे, झोप लागते. सव्वाचारला मावशी त्याच्यावरची गोधडी काढायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "बाई, ह्या लेकराचं काही खरं दिसत नाही."

ओठ जांभळट झाले होते. छाती वर जायची, खाली यायची आणि मग पुढचा श्वास यायला इतका वेळ लागायचा की आमचाच जीव वर राहायचा. पापणी उचलून बघितली, बुबुळ मोहरीएवढं. समोरच्या दुकानदाराने रिक्षा थांबवली. रिक्षात मी त्याच्या तळपायाला चिमटे काढत होते. चिमटा काढला की एक श्वास. तेवढं मला कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला आठ. या वयात पंचवीस-तीस हवेत. मग त्याची पिशवी उलटी केली. बिस्किटं, लंगोट, एक मोटार, आणि बाजूच्या कप्प्यात जुलाब थांबवायच्या गोळ्यांचं पाकीट. चार घरं रिकामी. आदल्या दिवशी त्याची आजी सोलापूरहून आली होती. प्रवासात असू द्याव्यात म्हणून तिने ठेवलेल्या गोळ्या, आणि सकाळच्या घाईत आईने तीच पिशवी भरून दिली. त्या गोळीत डायफेनॉक्सिलेट नावाचं औषध असतं. ते अफूच्या कुळातलं, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या माणसाची आतडी संथ करतं. लहान मुलाच्या मेंदूतलं श्वास घ्यायचं भानच संथ करतं.

उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं. मिनिट-दोन मिनिटांत चिकूने असा टाहो फोडला की मी भिंतीला टेकले. तेवीस वर्षांत मुलाच्या रडण्याने मला एवढं बरं कधी वाटलं नाही. पण तासाभराने तो पुन्हा मलूल झाला. डॉक्टरांनी समजावलं: उताऱ्याचा असर लवकर संपतो, विष मात्र पोटात रेंगाळत राहतं, कारण आतडी थांबवणं हेच त्याचं काम. म्हणून मूल जागं झालं की घरी न्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला ठेवून घेतलं, मधे दोनदा पुन्हा इंजेक्शन दिलं.

३. घाबरलेलं माणूस खोटं बोलतं, आणि ते माणूस मी असू शकते. "किती वेळ झोपलाय?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दीड-दोन तास." साडेतीन तास झाले होते. तोंडातून गेलं ते गेलंच. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "काकू, मला तुमची चूक नकोय. वेळ हवीय." मग मी खरं सांगितलं. आजही दात घासताना मधेच ते आठवतं आणि कानशिलं तापतात.

४. मग मला वाटू लागलं की जिथे लपवायला एका डुलकीपेक्षा मोठं काही असेल, तिथे काय होत असेल? उत्तर सोळा वर्षांनी वर्तमानपत्रात सापडलं. सप्टेंबर २०२३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स. एका घरगुती पाळणाघरात दुपारी चार मुलं उठेनात. तीन वाचली, वर्षाचं एक गेलं. फेंटानिल. हेरॉइनच्या पन्नासपट जालीम समजतात ते. मुलं ज्यावर झोपायची त्या चटयांपाशी किलोभर माल ठेवलेला, आणि खोलीच्या फरशीखाली चोरकप्पा करून आणखी. मुलं उठत नाहीत हे दिसल्यावर बाईने रुग्णवाहिकेच्या आधी नवऱ्याला फोन लावला, आणि तो मागच्या दाराने पिशव्या घेऊन गेला, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. त्याला पुढे ४५ वर्षांची शिक्षा झाली.

माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. अवघ्या नऊ दिवसांपूर्वी तिथे न सांगता तपासणी झाली होती आणि सगळं ठीक निघालं होतं. चटया जागेवर, खेळणी स्वच्छ, मुलं झोपलेली असतील तर शांत. माझ्याकडेही कुणी आलं असतं तर मला शंभरपैकी शंभर मिळाले असते. चिकू पडला होता त्या दुपारीसुद्धा.

इकडे २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीचं गोदाम आणि कुरकुंभचा कारखाना धरून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. ते अफूच्या कुळातलं नाही, हे मला आता कळतं. पण बातमी वाचताना सगळ्यांचं लक्ष कोटींच्या आकड्यावर होतं आणि मी विचार करत होते की अशा गोदामांना लागून घरं असतात, आणि त्या घरांत कुणीतरी रांगत असतं.

५. आमच्या घरातच ही विद्या होती, हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. पाळणाघर काढलं तेव्हा मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "मुलं सांभाळणं आमच्या रक्तात आहे. आजी मुंबईला डिलाइल रोडच्या चाळीत गिरणीतल्या बायकांची मुलं सांभाळायची." आणि ते खरंच होतं. पुण्याला यायच्या आधीची पंधरा-एक वर्षं, स्वातंत्र्याच्या मागची-पुढची. दहा बाय बाराची खोली, आजीची स्वतःची चार, वर बायकांची सहा-सात. भोंग्याच्या आधी बाया पोरं टाकून जायच्या, संध्याकाळी न्यायच्या.

"एवढी पोरं एकटी कशी सांभाळायचीस गं?" मी कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं. आजी पदराला हात पुसत सहज म्हणाली, "गोळी होती की."

बाळगोळी. अफूची. बरेचदा आयाच घालून आणायच्या, कुणी विसरली तर आजीपाशी पितळी डबी असायची. तान्ह्याला बाजरीच्या दाण्याएवढी, आईच्या दुधात विरघळवून, बोटाने टाळूला लावायची. मूल वाढलं की गोळी वाढवायची, नाहीतर भागत नाही. मुगाएवढी झाली की समजायचं, पोर चालायला लागलं. सुट्टीच्या दिवशी आई घरी असली तरी द्यावी लागायची, न दिली तर मूल दिवसभर किंचाळायचं, नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं. भूक मरायची, शौचाला व्हायचं नाही, अंगाला मांस धरायचं नाही. हे सगळं आजीने गुळपोळीची कृती सांगावी तसं सांगितलं. अफू कुठून आणायचात, असं विचारलं तर तिलाच नवल वाटलं. "कुठून म्हंजे? दुकानातनं. सरकारचं दुकान होतं."

मी तेव्हा हसले होते. मैत्रिणींना गंमत म्हणून सांगितलंही होतं. पंचवीसेक वर्षांनी दवाखान्याच्या बाकावर बसले असताना ती "गंमत" मला आठवली.

६. आजीवर रागावणं सोपं होतं, म्हणून मी काही दिवस रागावले. मग एका निवृत्त ग्रंथपाल शेजाऱ्यांनी जुनी पुस्तकं आणून दिली. १९२२ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाईंकडून गिरणीतल्या कामकरी बायकांची पाहणी करवली होती. त्यांचं म्हणणं, या बायकांच्या शंभरपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. उरलेल्या दोन घरी कोण होतं, हेच मला विचारावंसं वाटतं. त्या वर्षीच्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांवर "आणला" होता. अकरा तास, वर जायची-यायची पायपीट. मूल गिरणीत न्यायचं तर कापसाची धूळ, चाळीत ठेवायचं तर बघायला कुणी नाही. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या हजार मुलांमागे सहाशेच्या वर वर्षाच्या आत गेल्याची नोंद आहे. बाळंतपणं गावी व्हायची, जन्माची नोंद तिकडे राहायची आणि मृत्यूची इकडे पडायची. त्यामुळे आकडा फुगलाय हे मान्य. कितीही फुंकर मारली तरी तो लहान होत नाही, हेही.

आणि दुकान खरंच सरकारमान्य होतं. अफूच्या चौकशीसाठी १८९३ साली खास शाही आयोग नेमला गेला. दोन वर्षांनी त्याने सांगितलं की हिंदुस्थानात अफूने फारसं बिघडत नाही. ज्यांचा त्या महसुलावर डोळा होता त्यांना हे ऐकून बरं वाटलं असणार. दुकानातली अफूची विक्री पूर्ण बंद व्हायला १९५९ उजाडलं. कामकरी बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आलं तेव्हा, १९२८ साली, डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. कायदा १९२९ मध्ये झाला. रजा संपल्यावर मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न शिल्लक राहिला. माझं पाळणाघर त्याच प्रश्नावर चाललं. फक्त माझ्या आया आयटीतल्या होत्या आणि गिरणीचा भोंगा हिंजवडीच्या बसच्या वेळेत मिसळून गेला होता.

७. मी अफू दिली नाही, पण मोह मला ठाऊक आहे. माझा मुलगा १९८९ चा. बाळगुटी उगाळताना सहाणेवर मुरुडशेंग, हिरडा, वेखंड यांचे दोन-दोन वेढे आणि जायफळाचा एक, असं सासूबाईंनी बजावलं होतं. त्या देवळात गेल्या की मी जायफळाचे पाच घालायचे. कधी सात. पोर झोपायचं, मी पडायचे. जायफळ आणि अफू एका तराजूत घालत नाही मी. पण वेढे मोजणारा हात आणि डबी उघडणारा हात एकमेकांना ओळखत असणार.

पाळणाघरात हा मोह बाटलीतून यायचा. "काकू, सर्दी आहे, दुपारी एक चमचा द्या. छान झोपतो त्याने." शेवटचे तीन शब्द नेहमी जरा हळू आवाजात. मी द्यायचे. कपाटात नावं चिकटवलेल्या बाटल्यांची रांग असायची. खोकल्याच्या औषधातलं कोडीन हे सरळ अफूचंच लेकरू, बारा वर्षांखालच्यांना ते द्यायचं नाही, हे जगभर आता मान्य आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्याचंच दूरचं भावंड. २०२१ मध्ये दिल्लीत हे औषध दिलेली सोळा मुलं रुग्णालयात दाखल झाली, तीन दगावली. साधा खोकला झालेली मुलं होती ती. चिकूनंतर मी कपाट रिकामं केलं आणि दारावर पाटी लावली: औषध दिलं जाणार नाही. दोन आया नाराज होऊन मुलं काढून घेऊन गेल्या. एकीचं म्हणणं होतं की मी फार नियमावर बोट ठेवते. तिला मी काय सांगणार?

८. गुडघ्यावर बसल्याशिवाय खोली दिसत नाही. चिकूच्या प्रकरणानंतर एका रविवारी मी आणि मावशी रांगत दोन्ही खोल्या फिरलो. शेहेचाळीस वर्षांची मी, साठीच्या त्या, दोघींचे गुडघे कटकट वाजत होते. कपाटाखाली सापडलेलं: तीन गुंड्या, एक आकडा, थर्माकोलचे मणी, कुणाचं तरी पैंजण, आणि अर्धी पांढरी गोळी. ती कसली, कुणाची, किती दिवसांची, शेवटपर्यंत कळलं नाही. पिशव्या त्या दिवसापासून उंच खुंट्यांवर गेल्या.

९. ज्यांना आपण शिकवायला जातो त्यांच्याकडून शिकून परत येण्यात थोडा अपमान असतो. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवायची कल्पना १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेशने रुजवली, पुण्यात ती ऐंशीच्या दशकापासून आहे. चिकूनंतर पाचेक वर्षांनी बालेवाडीकडच्या अशाच एका ठिकाणी मी आठवड्यातून दोन सकाळी जाऊ लागले. अनुभवी बाई म्हणून, मार्गदर्शन करायला. पत्र्याची खोली, आत झोळ्या, बाहेर सिमेंटचं मिक्सर घरघरतंय. तिथली ताई लातूरकडची, विशीतली. सकाळी आया पोरं घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एकीच्या खांद्यावर मूल गाढ झोपलेलं. माझे हात सवयीने पुढे झाले. झोपलेलं मूल अलगद घ्यायचं, आवाज न करता ठेवायचं, यात तर माझा हातखंडा.

ताईने मला अडवलं. "झोपलेलं घ्यायचं नाही, मावशी. जागं करून घ्यायचं."

तिने मुलाच्या तळव्याला टिचक्या मारल्या, ओल्या बोटाने डोळे पुसले. मूल कुरकुरलं, आईकडे बघून रडलं, तेव्हा कुठे तिने ते कडेवर घेतलं आणि वहीत खूण केली. कुठकुठल्या मुलखातून माणसं येतात, काहींकडे अजून अफूच्या बोंडांचं पाणी पाजायची रीत असते, कुणाच्या घरात दारू असते, कुणी तापाचं औषध दुप्पट दिलेलं असतं. ताई कुणाला काही विचारायची नाही. विचारलं तर त्या सांगत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत, म्हणाली. मूल तेवढं उठवून बघायचं. मी पंधरा वर्षं दारात झोपलेली मुलं घेत आले होते आणि आभार मानत होते.

१०. काही गोष्टी विचारायच्या माणसाला आपण विचारत नाही, आणि मग ते माणूस राहत नाही. आजी १९८६ मध्ये गेली. मला ताईची ती टिचकी मारायची रीत कुणाला तरी सांगायची होती म्हणून आत्याला फोन केला. आत्या आजीची थोरली, तेव्हा ऐंशीच्या घरात, डिलाइल रोडच्या त्या खोलीत वाढलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला बयाने सांगितलं नसेल."

एक मुलगी होती, सात-आठ महिन्यांची. आईने सकाळी गोळी घालून आणली होती. ते आजीला ठाऊक नव्हतं, की घाईत सांगायचं राहिलं. दुपारी पोर किरकिरलं म्हणून आजीने डबी उघडली. संध्याकाळी गिरणी सुटायच्या आधी आजी पदर भिजवून एकेकाचं तोंड पुसायची, उठवायची, आया यायच्या आत पोरं ताजी दिसावीत म्हणून. सहा उठली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, दारात बसून सागरगोटे खेळत होती. त्या मुलीची आई जिना चढताना कुणाशी तरी हसत होती, तो आवाज अजून येतो म्हणाली. पोलीस वगैरे काही आले नाहीत. त्या काळात येत नसत. डबी मात्र आजीने कधी टाकली नाही. खडकीला तिच्या ट्रंकेत होती, आम्ही तिच्यात सागरगोटे ठेवायचो.

फोन ठेवला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. आत मुलं झोपली होती, अकरा जण. मी आत गेले. पहिल्याच चटईवरच्या मुलीचा खांदा हलवला. तिने त्रासून डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, कूस बदलली. मग पुढची चटई. मावशी दारातून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या टोकाने सुरुवात केली.